दफ्तर कोणाच्या घरी? वेब सर्व्हरच्या संचालन प्रणालीच्या निवडीचा इतिहास



ह्या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शाळेची हस्तलिखिते, वार्षिकांक आणि सभांची इतिवृत्ते निगुतीने जपली. हे सारे आता संकेतस्थळावर आणावे असा माजी विद्यार्थ्यांचा मनोदय आहे, आणि त्यांच्यात एक वाद पडला आहे : ज्या सर्व्हरवर हे दफ्तर ठेवावयाचे, तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे संचालन प्रणालीवर, चालवावा? लिनक्स घ्यावी, की मायक्रोसॉफ्टची विंडोज?

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने ह्या वादात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. हा प्रश्न वरकरणी यंत्राचा दिसत असला, तरी तळाशी तो दफ्तराचा आहे. आणि दफ्तर कोणाच्या घरी राहते, किल्ली कोणाच्या कमरेला असते, हा प्रश्न इतिहासाचा आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील माणसाला तो समजावून सांगावा लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, पण आपण राहत्या जागीच होतो. कचेरीची भाषा बदलली, फलक बदलले. त्या दिवसापासून आपल्या मराठी लेखनाची काळजी आपल्याच वाचनालयांनी, शाळांनी आणि वृत्तपत्रांनी वाहिली. तेव्हा नवे घर निवडताना त्याचा पूर्वेतिहास तपासणे आपल्याला क्रमप्राप्त आहे.

१. सर्व्हर आणि त्याची प्रणाली

वेब सर्व्हर म्हणजे वाचनालयाचा असा कारकून, की जो अहोरात्र खिडकीशी बसलेला असतो. कोठूनही मागणी आली की तो कपाटातून पान काढतो आणि मागणाऱ्याच्या हाती देतो. हा कारकून म्हणजे एक आज्ञावली होय. परंतु कपाटे कोठे आहेत, एकाच वेळी शंभर वाचक आले तर पाळी कशी लावावयाची, कोणाला कोणत्या दालनात प्रवेश आहे, हे सारे पाहणारी व्यवस्था त्याच्याखाली असते. ती संचालन प्रणाली. कारकून बदलता येतो. इमारतच सदोष असेल तर चांगला कारकूनही हतबल होतो.

२. युनिक्सची जन्मकथा

ह्या इमारतीचा पाया १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे युनिक्स ही प्रणाली रचली. १९७३ मध्ये ती रिची यांच्याच सी भाषेत नव्याने लिहिली गेली, आणि एका विशिष्ट यंत्राशी जखडलेली प्रणाली यंत्रायंत्रांवर नेता येऊ लागली. बेल प्रयोगशाळा ज्या एटी अँड टी कंपनीची, तिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन समझोत्याने टेलिफोनखेरीज अन्य धंदा न करण्याचे बंधन होते. साहजिकच युनिक्स बाजारात विकता येईना. ती विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळू लागली. तिच्यावर विद्यार्थ्यांची एक पिढी पोसली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने तर आपली स्वतंत्र आवृत्तीच सिद्ध केली, आणि १९८३ मध्ये संगणकांच्या जाळ्याची भाषा, म्हणजे टीसीपी-आयपी हे संकेत, तिच्यात विणले. इंटरनेट आणि युनिक्स यांचे नाते तेव्हापासूनचे.

१९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले आणि जुने बंधन सुटले. जी संहिता विद्यापीठांत मुक्तपणे वाचली जात होती, तिच्यावर आता परवान्याचे कुलूप चढले. हे कुलूप चढण्याची चिन्हे दिसत असतानाच, १९८३ च्या सप्टेंबरात, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी, आणि वाटताना हेच स्वातंत्र्य पुढच्यालाही द्यावे, अशी प्रणाली त्यांना उभी करावयाची होती. १९८९ च्या त्यांच्या सार्वजनिक परवान्याने ह्या नैतिक आग्रहाला कायद्याचे रूप दिले.

पुढे १९९२ मध्ये बर्कलीच्या संहितेवर दावा गुदरला गेला. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली, तेव्हा सुमारे अठरा हजार फाइलींपैकी अवघ्या तीन काढून टाकाव्या लागल्या. परंतु ती दोन वर्षे निघून गेली ती गेलीच. दाव्याच्या सावलीतील घरात कोणी नवा संसार मांडू धजत नाही, हे आपण जाणतोच. ह्या मधल्या काळात हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याची प्रणाली पुढे सरसावली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या छंदाची वार्ता जाहीर केली, आणि १९९२ मध्ये ती प्रणाली ग्नूच्या परवान्याखाली आणली. ती लिनक्स. बर्कलीच्या परंपरेतून १९९३ मध्ये फ्रीबीएसडीही उभी राहिली आणि आजही ती भक्कम आहे. पण गर्दी वळली ती लिनक्सकडे.

३. पहिला सर्व्हर आणि ठिगळांची वाकळ

वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट संगणकावर चालू झाला. त्या संगणकाची प्रणाली युनिक्सच्याच कुळातली. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, अशा अर्थाची तांबड्या शाईतील चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली होती. कोणी चुकून कळ दाबली असती, तर जगातले सारे वेब अंधारात गेले असते! ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची संहिता सर्वांना मोफत खुली केली. बर्नर्स-ली यांच्या शोधाइतकेच महत्त्व मी ह्या निर्णयाला देतो.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅक्कूल यांनी लिहिलेली सर्व्हरची आज्ञावली लोकप्रिय झाली. १९९४ मध्ये ते केंद्र सोडून गेले, आणि काम खोळंबले. ठिकठिकाणचे संकेतस्थळ-चालक आपापल्या दुरुस्त्या स्वतःच करीत होते. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांतील आठ जणांनी ही सुटी ठिगळे एकत्र शिवावयास घेतली. आपल्या भागातील आजी जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे तुकडे जोडून वाकळ शिवते, तसेच हे काम. अपाची हे नाव अमेरिकेतील एका मूलनिवासी जमातीवरून घेतलेले असले, तरी इंग्रजीत त्यातून ठिगळे लावलेली वस्तू असाही श्लेष निघतो. १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचीची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि १९९६ च्या एप्रिलपर्यंत ती जगातील सर्वाधिक वापरली जाणारी सर्व्हर-आज्ञावली ठरली. मालक कोणीच नाही, आणि म्हणून सगळेच. सहकाराच्या भूमीत वाढलेल्या आपल्याला ह्यात नवल वाटू नये.

आपल्याकडेही आरंभ युनिक्सच्याच परिसरात झाला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट ह्या शैक्षणिक जाळ्याचे एक मुख्य ठाणे मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते घेणाऱ्यांना चित्रे दिसत नसत. दूरच्या युनिक्स यंत्राची काळी पाटी आणि तिच्यावरची अक्षरे, एवढेच त्यांचे इंटरनेट होते.

४. दहाच पाहुणे

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणली, आणि १९९६ च्या एनटी ४.० बरोबर आपली सर्व्हर-आज्ञावलीही दिली. तिचे गुण मान्य केले पाहिजेत. ज्याला विंडोज येते त्याला काळ्या पाटीवर आज्ञा टंकाव्या लागत नव्हत्या. खिडक्या उघडून, खुणा करून सर्व्हर उभा करता येई. छोट्या गावातील संस्थेला हा मोठाच दिलासा होता.

परंतु त्याच १९९६ सालातील एक प्रकरण उद्बोधक आहे. एनटीचे दोन प्रकार होते : स्वस्त वर्कस्टेशन आणि महाग सर्व्हर. स्वस्त प्रकारावर इतर कंपन्यांच्या आज्ञावली घालून लोक वेब सर्व्हर चालवू लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने वर्कस्टेशनवर एका वेळी दहाहून अधिक जोडण्या नकोत, असा निर्बंध आणला. प्रथम प्रणालीच्या चाचणी-आवृत्तीतच, आणि टीका झाल्यावर परवान्याच्या अटीत. ग्रंथप्रकाशक आणि सर्व्हर-विक्रेते टिम ओरायली यांनी त्याला जाहीर विरोध केला. घर तुम्ही विकत घेतले, पण ओसरीवर दहाच पाहुणे बसवावेत, हे ठरविणार घर बांधणारा!

निपाणीच्या श्रोत्यांना येथे तंबाखूची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. राबणारा शेतकरी, पण वखार व्यापाऱ्याची, आणि म्हणून भावही व्यापाऱ्याचा. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, ते ह्याच असमानतेविरुद्ध. व्यापारी वाईटच असतो असे मी म्हणत नाही. माल दुसऱ्या वखारीत नेण्याची सोय नसली, की सज्जन व्यापाऱ्याचाही हात आखडतो, इतकेच.

५. रोजकीर्द आणि भारनियमन

सर्नच्या तांबड्या चिठ्ठीची आपल्याकडे मोठी थट्टाच झाली असती, कारण आपल्याकडे वीज न विचारता जात असे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइलींचा मेळ बिघडतो. लिनक्सच्या जुन्या ext२ रचनेत यंत्र पुन्हा सुरू होताना सारी तबकडी तपासावी लागे, आणि मोठ्या तबकडीवर त्यात बराच वेळ जाई. ह्यावर उपाय आपल्या पेढीवरच्या मुनिमाला ठाऊक आहे : व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपावा, मग खतावणीत चढवावा. मध्येच दिवा गेला तरी रोजकीर्द पाहून मेळ बसविता येतो. विंडोज एनटीच्या फाइल-रचनेत अशी रोजकीर्द १९९३ पासूनच होती. लिनक्सच्या मुख्य संहितेत ती ext३ च्या रूपाने २००१ च्या नोव्हेंबरात आली. तात्पर्य, नव्वदीच्या दशकात भारनियमनाच्या गावी एनटी निवडणाऱ्याला मूर्ख ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही. निवड ही त्या त्या काळाच्या आणि जागेच्या संदर्भातच तोलावयाची असते.

६. ळ कोठे ठेवावा?

आता माझ्या विषयाकडे येतो. सर्व्हर अक्षर रंगवीत नाही. तो केवळ त्याचे क्रमांक सांभाळतो. अक्षर रंगविणे हे वाचकाच्या यंत्राचे काम. नव्वदीच्या दशकात देवनागरीच्या क्रमांकांबाबत अनागोंदी होती. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हा संकेत प्रसिद्ध केला होता. परंतु मराठी संकेतस्थळे आपापल्या टंकाचे स्वतंत्र क्रमांक वापरीत. जुन्या छापखान्यात जुळाऱ्याने केसचे खण आपल्या मर्जीने लावावेत आणि दुसऱ्या जुळाऱ्याला ळचा खिळा सापडू नये, तशी ही गत. तो टंक नसेल तर वाचकाला इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. काही स्थळांनी पानाबरोबर आपोआप उतरणारा टंक दिला, पण त्याचा एक प्रकार मायक्रोसॉफ्टच्याच ब्राउझरमध्ये चाले. म्हणजे सर्व्हर कोणताही असो, वाचकाच्या दारातही कोणाचे तरी कुलूप होतेच.

युनिकोड ह्या जागतिक संकेताची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या आधारे झाली, आणि म्हणून एक सुंदर गोष्ट घडली. देवनागरीला १२८ खणांचे एक कपाट मिळाले, कन्नडला तसेच दुसरे. देवनागरीच्या कपाटात ज्या क्रमांकाच्या खणात क आहे, कन्नडच्या कपाटात त्याच क्रमांकाच्या खणात कन्नड क आहे. ळचेही तसेच. बेळगावचे नाव मराठीत लिहा वा कन्नडमध्ये, त्यातला ळ दोन्ही कपाटांत एकाच खणातून निघतो. सीमाप्रश्नाच्या इतक्या वर्षांत दोन्ही भाषांना इतका समान न्याय क्वचितच कोणी दिला असेल!

ह्या क्रमांकांना बाइट्सच्या रूपात कसे लिहावे, याची युक्ती १९९२ च्या सप्टेंबरात त्याच केन थॉम्प्सन यांनी, रॉब पाईक यांच्यासह, न्यू जर्सीतील एका उपाहारगृहाच्या टेबलावर मांडली. ती युटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ ह्या शब्दातील पाच चिन्हांना पंधरा. युनिक्स-कुळात फाइलींचा मार्ग दाखविणाऱ्या तिरक्या रेघेला विशेष अर्थ असतो. ह्या युक्तीत देवनागरीचा कोणताही बाइट त्या रेघेशी गोंधळत नाही. परिणामी युनिक्स-कुळातील जुन्या इमारतीची एक भिंतही न पाडता मराठी आत राहू शकली. विंडोज एनटीने आरंभापासून युनिकोड स्वीकारले हे तिचे श्रेय. मात्र सोळा बिटांच्या एका घरात, म्हणजे ६५,५३६ क्रमांकांत, जगातील सारी अक्षरे मावतील असे तेव्हा वाटले होते. आपली मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, ती त्या मर्यादेपलीकडच्या क्रमांकांवर. तेथे एका अक्षराला दोन घरे जोडावी लागतात.

मोडीचे नाव निघाले, तर तिचा धडाही घेऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांत शिकवली जात होती. आज आपल्याच पूर्वजांची खतपत्रे वाचण्यासाठी आपल्याला जाणकार शोधावा लागतो. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि तरी लेखन मुके. खाजगी टंकांत अडकलेली नव्वदीच्या दशकातील मराठी पाने तर अवघ्या दहा वर्षांत मुकी होऊ लागली.

७. फुकट, पण विनाश्रम नव्हे

मुक्त प्रणाली म्हणजे सुरक्षित प्रणाली, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. १९ जुलै २००१ रोजी कोड रेड नावाच्या घुसखोर आज्ञावलीने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हर-आज्ञावलीतील छिद्रातून चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे गाठली. ते छिद्र बुजविणारे ठिगळ महिनाभर आधीच उपलब्ध होते. पुढील वर्षी, २००२ च्या सप्टेंबरात, स्लॅपरने लिनक्सवरील अपाची सर्व्हर गाठले. तेथेही ठिगळ आधी आलेलेच होते. दोन्हीकडे दोष एकच : कौले फुटल्याचे कळले, पण पावसाळ्यापूर्वी शाकारणी झाली नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड हे छिद्र उघडकीस आले, तेव्हा जगाची गुप्त देवघेव ज्या ओपनएसएसएलवर विसंबली होती, तिचा भार मूठभर माणसे वाहत होती हे जगाला कळले. सार्वजनिक विहिरीचे पाणी सगळे भरतात. गाळ काढावयास किती येतात?

मग मुक्ततेचा लाभ कोणता? त्याचे उत्तर २०२० सालच्या एका घटनेत आहे. सेंटओएस ही लिनक्सची आवृत्ती असंख्य सर्व्हरांवर होती. तिची आठवी मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाईल अशा भरवशावर लोक होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती २०२१ अखेरच बंद होईल. लोक संतापले. परंतु संहिता खुली होती, म्हणून वर्षभराच्या आतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ह्या दोन नव्या आवृत्त्या उभ्या राहिल्या आणि बिऱ्हाडे तिकडे हलली. याउलट, हजारो हौशी लेखकांची पाने ज्या जिओसिटीज ह्या मोफत जागेवर होती, ती अमेरिकेत २००९ च्या ऑक्टोबरात बंद झाली. काही जागरूक मंडळींनी जे उतरवून ठेवले, तेवढेच उरले. दोन्ही ठिकाणी घरमालकाने घर रिकामे करावयास सांगितले. एके ठिकाणी लोकांपाशी घराचा नकाशा होता, दुसरीकडे नव्हता.

मराठीचेच उदाहरण हवे असेल तर मराठी विकिपीडिया पाहा. १ मे २००३ रोजी ती सुरू झाली. विकिपीडियाचे सर्व्हर प्रथम रेड हॅट आणि फेडोरावर होते, २००८ मध्ये ते उबुंटूवर गेले, आणि पुढे डेबियनवर. तीन घरे बदलली, पण मराठी वाचकाला त्याची चाहूलही लागली नाही. उत्तम निवडीची ह्याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

८. निवडीची कसोटी

श्रोतेहो, इतका इतिहास सांगण्याचा हेतू एकच. लिनक्स की विंडोज, हा प्रश्न खोटा नाही, पण पहिला नाही. पहिला प्रश्न असा : उद्या हे घर सोडावे लागले, तर दफ्तर अखंड उचलून नेता येईल काय? संहिता खुली, अक्षरे युनिकोडमध्ये, नोंदी कोणत्याही यंत्राला वाचता येतील अशा साध्या रूपात, एवढे असेल तर उत्तर होकारार्थी आहे. ह्या कसोटीवर मी शाळेसाठी लिनक्सची, आणि तीतही डेबियनसारख्या लोकसमूहाने चालविलेल्या आवृत्तीची शिफारस करीन. मात्र गावात विंडोज जाणणारी माणसे असतील आणि लिनक्स जाणणारा एकही नसेल, तर जाणणाऱ्याच्या हातातील विंडोज ही वाऱ्यावर सोडलेल्या लिनक्सपेक्षा बरी.

आणखी चार गोष्टी प्रणालीपेक्षा कमी मोलाच्या नाहीत. संकेतस्थळाचे नाव एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या नव्हे, तर संस्थेच्या नावावर नोंदवावे. दफ्तराची एक प्रत शाळेत आणि दुसरी दूरच्या गावी असावी. प्रणालीची शाकारणी कोणी आणि कधी करावयाची, हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहिलेले असावे. आणि त्या कामासाठी दरवर्षी एका विद्यार्थ्याला तयार करावे, म्हणजे किल्ली पिढीकडून पिढीकडे जाईल.

सीमाभागातील मराठी माणसाला राज्य निवडण्याची संधी कोणी दिली नाही. आपल्या लेखनाचे घर निवडण्याची संधी मात्र आज आपल्या हाती आहे, आणि ती कोणत्याही आयोगाच्या अहवालावर अवलंबून नाही. ती डोळसपणे वापरावी, एवढीच विनंती.